काकडी, वाळूक आणि कारीट : एका वेलाचा माग

मडके फुटले तरी त्याची खापरे उरतात. गहू, बाजरी आगीत सापडून कोळसा झाली तरी दाण्याचा आकार टिकतो आणि उत्खनन करणाऱ्यांना तो ओळखता येतो. काकडीचे तसे नाही. तिच्यात शंभरातले सुमारे पंचाण्णव भाग पाणी. खाल्ली तर संपली, टाकली तर चार दिवसांत कुजली. मागे राहते ते फक्त बी. तेही पातळ आणि खरबुजाच्या बीसारखेच दिसणारे. मग काकडी माणसाने केव्हा आणि कोठे लावायला घेतली, हे सांगायचे कसे?

असा माग काढायचा तर वेगवेगळे साक्षीदार गोळा करावे लागतात. काही शब्दांत सापडतात, काही जुन्या ग्रंथांत, काही फळाच्या चवीत आणि काही पेशींच्या आत. या लेखात आपण त्यांना एकेक करून बोलावणार आहोत. सुरुवात करू पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकापासून.

बाजरीतला वेल

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमा आणि दक्षिणेला नीरा. दोघींचा संगम होतो तो पूर्वेला नरसिंहपूरला. या दोन नद्यांमधल्या माळावर वरकुटे बुद्रुक, वरकुटे खुर्द यांसारखी गावे आहेत. सह्याद्री ओलांडून येणारा पाऊस इथवर पोचेपर्यंत बराचसा संपलेला असतो. बारामती-इंदापूरचा हा भाग म्हणूनच अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो.

अशा जिरायती देशावर काकडीला वेगळे वावर नसे. खरिपात बाजरी पेरताना तिच्यात मटकी, हुलगा, अंबाडी आणि त्यांच्याबरोबर वाळकाचे, शेंदाडाचे चार वेल सोडायचे, ही जुनी रीत. बाजरी उभी वाढायची, वेल तिच्या सावलीत जमिनीवर पसरायचे. बाजरी निसवेपर्यंत वेलांना फळे धरायची. हे फळ बाजारात क्वचितच जाई. खुरपायला आलेल्या बाया, पिकाची राखण करणारी पोरे, गुराखी यांच्या तहानेचे आणि मधल्या वेळच्या भुकेचे ते फळ होते. विकले जात नसल्याने सरकारी पीकपाहणीत त्याची नोंद होण्याचे कारणच नव्हते.

१८८० च्या दशकात भाटघर धरण आणि नीरा डावा कालवा यांचे काम झाले आणि बारामती-इंदापूरच्या काही भागात पाटाचे पाणी आले. पुढे १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. पाण्यामागून ऊस आला. जिथे ऊस आला तिथून बाजरी हटली आणि बाजरीबरोबर तिच्यातले वेलही हटले. काकडी मात्र पुन्हा आली, पण वेगळ्या रूपात. ठिबक सिंचनावर, तारेवर चढवलेली, संकरित बियाण्याची आणि थेट पुण्या-मुंबईच्या बाजारासाठी पिकवलेली.

आता एक साधा प्रश्न. बाजरीतले वाळूक आणि बाजारातली काकडी, ही एकाच फळाची दोन नावे आहेत का?

शब्दांची साक्ष

मराठीत या कुळातल्या फळांना भरपूर नावे आहेत : काकडी, खिरा, तवसे, वाळूक, शेंदाड, चिबूड, कारीट. यांतल्या तीन नावांचा उगम पाहू.

'काकडी' आली संस्कृत 'कर्कटी'पासून. कर्णाचा कान झाला, घोटकाचा घोडा झाला, त्याच नियमाने 'र्क' चा 'क्क' होऊन पुढे 'का' लांबला आणि 'ट' चा 'ड' झाला. 'वाळूक' हे संस्कृत 'वालुक'चे रूप. कोकण-गोव्यातले 'तवसे' आले 'त्रपुस' या शब्दापासून. दीपाचा दिवा होताना 'प' चा 'व' झाला, तसेच इथे झाले. त्रपुसाचे प्राकृतात 'तउस' झाले आणि त्याचे मराठीत 'तवसे'. कोकणात भाद्रपदात मोठाले तवसे किसून, रवा-गूळ घालून तवसळी किंवा धोंडस करतात. त्या पदार्थाच्या नावात हा शब्द दोन हजार वर्षे प्रवास करून आलेला आहे.

चरक आणि सुश्रुत यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संहितांत 'त्रपुस' आणि 'एर्वारु' ही नावे वेगवेगळी येतात. म्हणजे ही दोन फळे वेगळी आहेत हे त्या काळच्या वैद्यांना ठाऊक होते. अभ्यासक साधारणपणे त्रपुस म्हणजे आजची काकडी आणि एर्वारु म्हणजे खरबुजाच्या जातीचे, कच्चे खाण्याचे फळ असे मानतात.

मात्र शब्द नेहमी सरळ साक्ष देत नाहीत. आपण ज्याला काकडी म्हणतो त्याला हिंदीत 'खीरा' म्हणतात. हिंदी प्रदेशात 'ककड़ी' मागितली तर लांब, फिकट हिरवी, वाकडी शेंग हातात येते. ती दिसते काकडीसारखी, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती खरबूज आहे. मूळ शब्द एक, फळे दोन. आपल्याकडेही वाळूक हे नाव गावोगाव एकाच फळाला लावत नाहीत. बहुतेक ठिकाणी ते खरबुजाच्या जातीचे असते. शेंदाड आणि चिबूड ही तर खरबुजाचीच भावंडे.

काकडीचे शास्त्रीय नाव कुकुमिस सटायव्हस, खरबुजाचे कुकुमिस मेलो. दोघे एका प्रजातीतले, पण त्यांच्यातली भिंत पक्की आहे. काकडीच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, खरबुजाच्या पेशीत २४. त्यामुळे त्यांचा संकर होत नाही.

देठ सोडणारे फळ

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक ऋचा आहे. महामृत्युंजय मंत्र म्हणून ती घरोघरी माहीत आहे. पिकलेले उर्वारुक जसे देठापासून सुटते तशी मृत्यूपासून सुटका व्हावी, अशी तिच्यातली प्रार्थना आहे. उर्वारुक म्हणजे काकडी, असा अर्थ बहुतेक पुस्तकांत दिलेला असतो.

पण शेतकऱ्याला विचारा, पिकलेली काकडी आपोआप देठापासून सुटते का? बियाण्यासाठी ठेवलेली काकडी पिवळी किंवा तपकिरी पडते, जड होते, तरी वेलाला लटकूनच राहते. ती कापून घ्यावी लागते. याउलट शेंदाडासारखी खरबुजाच्या जातीची अनेक फळे पिकली की देठापाशी आपोआप एक चीर पडते आणि बोट लावताच फळ सुटते. पिकताना या फळांत इथिलीन नावाचा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. त्याच्या प्रभावाने फळाला वास सुटतो, गर मऊ होतो आणि देठाजवळच्या पेशींचा थर सैल पडतो. काकडीत इथिलीनची अशी लाट येत नाही.

तेव्हा ऋचेतली उपमा काकडीपेक्षा खरबुजाच्या जातीच्या फळाला अधिक लागू पडते. त्या काळी काकडी नव्हती, असा याचा अर्थ नव्हे. ऋचा रचणाऱ्याने फळ नीट पाहिले होते, एवढे मात्र खरे. भाषांतर करताना आपण घाईने जवळचा शब्द बसवला.

रोमच्या सम्राटाची 'काकडी'

ही घाई आपणच केली असे नाही. रोमचा सम्राट टायबेरिअस (राज्यकाळ इ. स. १४ ते ३७) याला रोज ताटात काकडी लागे, असे पाश्चात्त्य पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले. थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे की या फळाचे वाफे चाकांच्या गाड्यांवर केलेले असत. ते दिवसा उन्हात ढकलत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पत्र्यांखाली ठेवत. हरितगृहाची ही जगातली अगदी जुनी नोंद. पण फळ कोणते?

हॅरी पॅरिस आणि ज्यूल्स जॅनिक या संशोधकांनी २००७ पासून पुढे प्राचीन भूमध्य प्रदेशातली भित्तिचित्रे, फरशीवरची चित्रे आणि ग्रीक, लॅटिन, हिब्रू ग्रंथ एकत्र ठेवून तपासले. चित्रांत लांब, वाकडी, पन्हाळीदार फळे दिसतात. वर्णनांत कोवळ्या फळावर लव असल्याचे आणि ती पुसून काढल्याचे सांगितलेले आहे. काकडीवर लव नसते, उंचवट्यांवर विरळ काटे असतात. मऊ दाट लव असते ती कोवळ्या खरबुजावर. म्हणजे सम्राटाचे फळ हिंदी प्रदेशातल्या ककडीचे नातेवाईक होते. बायबलच्या जुन्या करारात इजिप्त सोडलेले लोक ज्या 'काकड्यां'ची आठवण काढून हळहळतात, त्याही याच. या संशोधकांच्या मते खरी काकडी युरोपात पोचली ती रोमन साम्राज्याच्या पडझडीनंतर आणि तीही दोन वाटांनी. एक वाट इराणवरून खुष्कीने पूर्व आणि उत्तर युरोपकडे, दुसरी इराण किंवा भारतातून मुख्यतः समुद्रमार्गे स्पेनकडे.

गंमत अशी की लॅटिनमधला 'कुकुमिस' हा शब्द रोमन लोक ज्या फळासाठी वापरत ते खरबूज होते. नवी काकडी आल्यावर जुने नाव तिला चिकटले. कार्ल लिनिअसने १७५३ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली तेव्हा तेच काकडीच्या माथी कायम झाले. चिनी लोक अधिक सावध निघाले. त्यांनी काकडीला 'हू-ग्वा', म्हणजे परदेशी लोकांचे वेलफळ, असेच म्हटले. ती बाहेरून आली हे त्यांनी नावातच नोंदवून ठेवले.

डोंगरपायथ्याचा कडू पूर्वज

चीनला परकी, युरोपला परकी. मग काकडी घरची कोणाची? हिमालयाच्या पायथ्याशी एक रानवेल उगवतो. त्याची फळे अंड्याएवढी, काटेरी आणि कडूजहर. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे काम पाहणाऱ्या जॉन फोर्ब्ज रॉइल यांनी १८३० च्या दशकात त्याचे वर्णन केले आणि हार्डविक या लष्करी अधिकाऱ्याच्या नावावरून त्याला कुकुमिस हार्डविकी म्हटले. जोसेफ हूकर यांनी १८४८ ते १८५० च्या सिक्कीम प्रवासात तिथल्या लोकांना जाड, तपकिरी सालीच्या काकड्या खाताना पाहिले. पुढे १८७६ मध्ये त्यांनी तिचे शास्त्रीय वर्णन छापले. या पुराव्यांच्या आधाराने स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यांनी १८८३ च्या आपल्या ग्रंथात निष्कर्ष काढला, की काकडीचे मूळ घर वायव्य भारत असावे आणि इथे ती किमान तीन हजार वर्षे लागवडीत असावी.

सव्वाशे वर्षांनी या तर्काची परीक्षा झाली. २००९ मध्ये काकडीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. २०१३ मध्ये चिनी संशोधकांच्या नेतृत्वाखाली ११५ प्रकारच्या काकड्यांचे जनुकसंच ताडून पाहण्यात आले. त्यात सर्वांत जास्त विविधता भारतीय गटात आढळली. हिमालयातला रानवेलही याच गटात बसला. एखादी वनस्पती जिथे सर्वांत जास्त काळ राहिली तिथे तिच्यात जास्त फरक साठतात. मूळ झऱ्यापासून घागरी भरून नेल्या, तर प्रत्येक घागरीत झऱ्याचा थोडाच भाग येणार, तसे हे आहे. चीन, युरोप, जपान यांच्या घागरी आपल्याच झऱ्यातून भरलेल्या आहेत.

वाळकाच्या घराण्याचा मागही असाच भारताकडे येतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाखाली जे कारीट फोडतो, ते साधारणपणे कुकुमिस ट्रायगोनस या नावाने ओळखले जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही भारतीय रानटी जाती खरबुजाची अगदी जवळची नातलग आहे. नरकासुराच्या नावाने चिरडायला लोकांनी नेमके कडू फळ निवडले. त्या कडूपणाकडे आता वळू.

कडूपणा कोठून येतो?

काकडीच्या कुळातल्या वनस्पती कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्ये तयार करतात. कोवळे फळ आणि पाने खाणाऱ्या जनावरांपासून बचाव हे त्यांचे काम. रानटी काकडी खाण्याजोगी करताना माणसाने नकळत एक निवड केली : ज्या वेलाची फळे कमी कडू, त्याचे बी ठेवायचे. ही निवड नेमकी कशावर झाली, हे २०१४ मध्ये उलगडले. कडू द्रव्य तयार करणाऱ्या नऊ जनुकांची साखळी संशोधकांना सापडली. तिला चालू-बंद करणारी दोन बटणेही सापडली, एक पानातले आणि एक फळातले. लागवडीच्या काकडीत फळातले बटण मंद झालेले असते. पानातले बहुधा तसेच राहते. म्हणून गोड काकडीचे पानही कडू लागते.

मंद झालेले बटण कधीकधी पुन्हा चालू होते. पाण्याचा ताण, एकदम वाढलेले किंवा उतरलेले तापमान यांमुळे चांगल्या वाणाच्या काकड्याही कडवट होतात. कडूपणा देठाकडच्या टोकाला आणि सालीलगत जास्त साठतो. टोक कापून ते काकडीवर घासायचे आणि फेस काढून टाकायचा, ही रीत आपण सगळेच पाळतो. तो फेस म्हणजे कापलेल्या भागातून झिरपणारा रस. घासल्यामुळे आतल्या गराचा कडूपणा निघून जातो, याला भक्कम पुरावा नाही. उपयोग होतो तो देठाकडचा तुकडा कापून टाकल्याचा.

दुसरी समजूत अशी, की कारल्याशेजारी काकडी लावली तर ती कडू होते. एक तर कारले आणि काकडी यांचा संकर होत नाही. दुसरे म्हणजे, परागकण कोणाचेही असोत, फळाचा गर हा आईवेलाच्याच पेशींचा बनतो. परागकणांचा परिणाम बीमध्ये दिसेल, म्हणजे पुढच्या पिढीत. या वर्षीच्या काकडीची चव शेजारचा वेल बदलू शकत नाही. बीजांडकोश आणि बीजांड यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून मिळणार नाही.

कडूपणा ही केवळ चवीची बाब नाही. कडू दुधी भोपळ्याच्या रसाने गंभीर विषबाधा होऊन काही मृत्यूही झाले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात कडू रस पिऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. काकडीलाही हाच नियम लावावा. किंचित कडवट टोक कापून टाकता येते. पूर्ण फळ कडूजहर लागले तर ते थुंकून टाकावे. मीठ-साखर लावून, 'औषधी असते' म्हणून खाऊ नये.

पूना खीरा आणि एक क्रमांक

आपल्या जिल्ह्याचे नाव काकडीच्या इतिहासात आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. 'पूना खीरा' हा आखूड फळांचा जुना वाण. कोवळेपणी फिकट हिरवा-पिवळसर, पिकल्यावर बटाट्यासारखा तपकिरी. हूकर यांनी सिक्कीममध्ये पाहिलेल्या तपकिरी काकडीची आठवण व्हावी असा. आज अमेरिकेतल्या हौशी बागवानांच्या बियाणे-सूचींतही हे नाव सापडते. आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हिमांगी, फुले शुभांगी हे वाण दिले आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शीतल.

बियाण्याची एक पुडी किती मोलाची असू शकते, याचा दाखला अमेरिकेतला आहे. तिथे काकडीवर केवडा रोगाचे मोठे संकट होते. भारतातून गेलेले आणि १९७०८७ या क्रमांकाने नोंदवलेले एक वाण या रोगाला दाद देत नाही, असे १९५४ मध्ये आढळले. त्याच्या संकरातून तयार केलेल्या वाणांनी पुढे कित्येक दशके तिथले पीक सांभाळले. २००४ मध्ये रोगाचा नवा प्रकार आला आणि ती ढाल तुटली. तेव्हा नव्या ढालीसाठी संशोधक पुन्हा जगभरच्या बियाणे-संग्रहांकडे वळले. मूळ पुडी कोणत्या शेतकऱ्याच्या उतरंडीतून गेली, त्याचे नाव कोठे लिहिलेले नाही.

आज भारत काकडीचा व्यापारही जगभर करतो. लोणच्यासाठी बोटाएवढी तोडलेली घेरकिन ही काकडीच. १९९० च्या दशकात कर्नाटकात तिची करारशेती वाढली. केंद्र शासनाने जानेवारी २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार भारत तिचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार ठरला होता. सुमारे ९०,००० लहान शेतकरी ६५,००० एकरांवर ती पिकवत होते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात नेदरलँड्सच्या सहकार्याने भाजीपाल्याचे गुणवत्ता केंद्र उभे राहिले. या भागात हरितगृहातली काकडीही रुजली. हरितगृहातले वाण परागीभवनाशिवाय फळ धरतात. मधमाशी आत यावी लागत नाही. फळात बीच नसते.

उत्पादनाच्या दृष्टीने ही सोयच आहे आणि शेतकऱ्याने ती का घेऊ नये? मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बिनबियांच्या काकडीतून पुढचे बी मिळत नाही. संकरित काकडीचे बी पेरले तर पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. बाजरीतले वाळूक मात्र दरवर्षी कोणीतरी बी ठेवल्यानेच टिकले होते. आम्हाला चिंता वाटते ती याची. काकडीची विविधता जगात सर्वांत जास्त जिथे आहे, तिथेच ती कोणाच्याही नोंदीशिवाय एकेका म्हातारीच्या गाठोड्याबरोबर संपू शकते.

परसात, ताटात आणि गव्हाणीत

हे बी घरी, शाळेच्या परसात सांभाळता येते. उन्हाळी पिकासाठी जानेवारी-फेब्रुवारीत आणि पावसाळी पिकासाठी जून-जुलैत आळ्यात तीन-चार बिया टोकाव्यात. उबदार मातीत आठवड्याच्या आत त्या उगवतात. दोन जोमदार रोपे ठेवून बाकीची काढावीत. जागा नसेल तर मोठी कुंडी किंवा शेणखत-माती भरलेले पोते चालते. वेलाला दोरीवर चढवावे. पाणी थोडे पण नियमित द्यावे. ताण पडला की कडूपणा वाढतो, हे आपण पाहिलेच.

सुरुवातीची फुले गळतात म्हणून घाबरू नये. आधी नरफुले येतात, मागून मादीफुले. मादीफुलाच्या खाली इवलीशी काकडी असते. मधमाश्या सकाळी कामाला येतात, म्हणून त्या वेळी फवारणी टाळावी. साधारण दीड ते दोन महिन्यांत तोडणी सुरू होते. तयार काकडी वेलावर ठेवली तर नवी फळे धरणे मंदावते, म्हणून एकाआड एक दिवस तोडावी.

घरात तिचा काही भाग वाया जात नाही. कोवळीची कोशिंबीर आणि खमंग काकडी, निबर झालेलीची थालीपिठे, बियांचा मगज मिठाईवर. साली गव्हाणीत टाकल्या की गाय-शेळी आवडीने खातात. फक्त प्लॅस्टिकची पिशवी बरोबर जाऊ देऊ नये.

पाळलेल्या इतर प्राण्यांनाही काकडी देता येते. कुत्र्याला उन्हाळ्यात धुतलेल्या काकडीचे लहान तुकडे चालतात. पण कोशिंबीर देऊ नये. तिच्यात मीठ-मिरची असते, आणि कांदा असेल तर तो कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतो. सशाला एखाददोन चकत्या पुरेत. त्याचे मुख्य अन्न वाळलेले गवत. पाणीदार फळ जास्त झाले तर त्याचे पोट बिघडते. मांजर मांसाहारी प्राणी. त्याला काकडीची गरज नाही, पण चाटली तर बिघडतही नाही. त्याच्या पाठीमागे गुपचूप काकडी ठेवून दचकवण्याचा जो खेळ समाजमाध्यमांवर फिरला, तो मात्र क्रूर आहे. राघूला काकडी आवडते हे खरे, पण आपले देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. झाडावर येऊन तो वेलावरची काकडी टोकरत असेल, तर तेवढी त्याच्या वाटची समजावी. आणि कोणत्याही जनावराला देण्याआधी देठाकडचा तुकडा आपण चाखून पाहावा. कडू असेल तर ती त्यालाही देऊ नये.

बी ठेवायचे असेल तर आणखी थोडे काम आहे. उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी मादीकळीवर आणि त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलाच्या नरकळीवर कागदी पिशवी बांधावी. सकाळी नरफूल तोडून मादीफुलाला लावावे. पुन्हा पिशवी बांधून देठाला रंगीत दोरा लावावा. ते फळ पिवळे किंवा तपकिरी होईपर्यंत वेलावर राहू द्यावे. मग गरासकट बी काढून दोन दिवस भिजू द्यावे, धुवावे, सावलीत वाळवावे. कडू फळाचे बी ठेवू नये. नीट कोरडे ठेवलेले बी चार-पाच वर्षे उगवते.

वर्गासाठी काम

वरकुट्यासारख्या गावातल्या शाळेला हा माग पुढे नेता येईल. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना विचारून फळांची नावे गोळा करावीत : काकडी, वाळूक, शेंदाड, आणखी कोणती? प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात. कोवळ्या फळावर लव आहे की काटे? पान टोकदार कोनांचे आहे की गोलसर? पिकल्यावर फळ देठ सोडते का? त्याला वास सुटतो का? लव, गोल पान, सुटणारा देठ आणि वास असेल तर ते खरबुजाच्या घराण्यातले. काटे, कोनदार पान आणि पिकूनही लटकलेले फळ असेल तर ती काकडी.

जे वाण आता एखाद्याच घरी उरले असेल त्याचे बी मागून शाळेच्या परसात लावावे. पुडीवर फळाचे नाव, गाव, बी देणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहावे. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्यूरोचे प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. अशा नोंदी केलेल्या बियाण्याबद्दल त्यांना पत्र लिहून विचारता येईल. १९७०८७ या पुडीवर शेतकऱ्याचे नाव राहिले नाही. आपल्या पुडीवर ते राहील, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.